फाईलवरचा लाल स्टिकर

आमच्या काकांनी आयुष्यभर शेरे मारले. टोमणे या अर्थी नाही, म्हणजे तेही मारायचेच, पण मी म्हणतेय ते ऑफिसातले शेरे. इंदूरच्या एका सरकारी ऑफिसात बाबू म्हणून चिकटले आणि बडे बाबू होऊन रिटायर झाले, मधल्या ३६ वर्षांत त्यांच्या टेबलावरून जेवढ्या म्हणून फाईली गेल्या त्या सगळ्या कडेला निळ्या नाहीतर लाल शाईत काहीतरी घेऊनच पुढे गेल्या. आमच्या एमपीत फाईलला नस्ती म्हणतात आणि एखादं प्रकरण कायमचं मिटलं, आता हे कपाटात ढकला, असं झालं की ते 'नस्तीबद्ध' होतं. हा शब्द आम्ही भावंडं शाळेत जायच्या आधी शिकलो, कारण जेवण झालं की काका ताटावर आडवा हात धरून म्हणायचे, नस्तीबद्ध. म्हणजे आता वाढू नका.

त्यांची एक थिअरी होती, रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून येईल त्याला ऐकवायचे. लोक अर्ज लिहायला बसले की अक्षर चांगलं काढतात, 'सविनय' लिहितात, दोन-दोन पानं भरतात, पण अर्जातला मजकूर बघतो कोण, बघतात तो कडेचा शेरा. 'तत्काल' असेल तर फाईल पळते, 'परीक्षण करें' असेल तर रांगते, आणि 'चर्चा करें' असेल तर देव जाणे. कारण 'चर्चा करें' एका बाबूकडे गेलं की तो त्याच दुपारी फाईल काखोटीला मारून साहेबाच्या केबिनबाहेर उभा, आणि दुसऱ्याकडे गेलं की तो ती फाईल गठ्ठ्याच्या तळाशी घालणार, साहेब बोलावतील तेव्हा बघू. शेरा तोच, शाई तीच, साहेब तोच. "शेऱ्यात काही नसतं गं, वाचणारा कोण बसलाय त्याच्यात असतं," एवढं बोलून काका पोह्यांवर अजून थोडं जिरावन भुरभुरवायचे.

काका २०२३ च्या उन्हाळ्यात गेले. लिव्हरचा कॅन्सर. त्याच्यावर काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं, मी टॅक्सची कामं करणारी बाई, माझं लिहिणं म्हणजे नोटिशींना उत्तरं. पण मागच्या दिवाळीत माझी भाची आली होती, बंगलोरला आरएनएवर पीएचडी करतेय, आणि तिने त्याच ओट्यावर बसून तिच्या विषयाबद्दल जे सांगितलं ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की ही काकांचंच बोलतेय. काकांना तर आरएनए हे अक्षर माहीत असायचं कारण नव्हतं.

आधी काकांचं सांगते.

२०२१ च्या दसऱ्याच्या आसपास काकांचा पट्टा दोन भोकं आत गेला. काकूला वाटलं चला बरं झालं, सेव-कचोरी कमी झाली. मग उजव्या बाजूला बरगडीखाली जड जड वाटायला लागलं, गॅस म्हणून ओवा-हिंग करून झालं, आणि शेवटी सोनोग्राफी. सोनोग्राफीवाला आधी क्रिकेटबद्दल बोलत होता, मधेच गप्प झाला, ते गप्प होणं काका बरोबर ओळखले. घरी येऊन म्हणाले, त्याने मनातल्या मनात शेरा मारला. त्यानंतर तीन टप्प्यांचा सीटी, म्हणजे औषध टोचून रक्त लिव्हरमधून कसं कसं जातंय त्याचे वेगवेगळ्या वेळचे फोटो घेतात तो, आणि एएफपी नावाची रक्ताची तपासणी, तिचा आकडा हजारांत. लिव्हर आधीच खडबडीत झालं असेल आणि सीटीत ती ठराविक खूण दिसली, गाठ आधी भराभर उजळते आणि मग आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा आधी विझते, की बहुतेक वेळा तुकडा काढून तपासायचीही गरज राहत नाही. काकांच्या फोटोत ती खूण शाळेच्या पुस्तकातल्यासारखी होती असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यापुढे म्हणाले की पोर्टल व्हेनमध्ये गेलंय.

पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून आणि प्लीहेकडून लिव्हरकडे येणारी मोठी शीर, लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण पाऊण रक्त तीच आणते. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला झाडाची उलटी फांदी काढून दाखवलं की हा कॅन्सर आधी या फांदीत शिरतो आणि लिव्हरच्या लिव्हरमध्येच दुसरीकडे रुजतो, मग लिव्हरमधून बाहेर जाणाऱ्या शिरेने हृदयाकडे आणि तिथून फुफ्फुसात. फुफ्फुस हा त्याचा बाहेरचा सगळ्यात नेहमीचा मुक्काम. काकूने तो कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "पसरलाय म्हणता, पण पसरतो म्हणजे काय? सांडलेल्या तेलासारखा पसरतो, का त्याला पाय फुटतात?"

डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले, पाय फुटतात असंच म्हणा. वेळ नव्हता, बाहेर रांग होती. तो प्रश्न तसाच राहिला, आणि माझ्या डोक्यात तो दिवाळीपर्यंत होता.

गाठ शिरेत गेल्यामुळे ऑपरेशनचा विषय संपला. सोराफेनिब नावाच्या गोळ्या सुरू झाल्या, या कॅन्सरसाठी २००७ पासून मिळणारी पहिली अशी गोळी. नव्या इंजेक्शनांची जोडीही असते, २०२० पासून, पण काकांच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या होत्या, रक्तस्रावाची भीती, त्यामुळे गोळीच. त्या गोळीने तिसऱ्या आठवड्यात काकांचे तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलायला लागले, हा तिचा ठरलेला त्रास आहे, हात-पायाची कातडी. काकू रात्री युरियाचं क्रीम लावून सुती मोजे चढवायची, हाताला सुद्धा मोजे. पेन धरता येईना. ज्या माणसाने ३६ वर्षं पेन खाली ठेवलं नाही तो पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर सही करायला बसला आणि अंगठ्याच्या मुळाशी पेन धरून, दोन बोटं हवेत ठेवून, कसंबसं नाव काढलं. शेवटचं अक्षर खाली घसरलं. बघून म्हणाले, "ही सही मी असतो तर नामंजूर केली असती."

तर दिवाळी. भाची चकलीची ताटली मांडीवर घेऊन बसली होती, काकू आत, मी तिला म्हंटलं तू नक्की काय करून राहिली आहेस ते एकदा मला कळेल असं सांग. ती म्हणाली, मावशी, तहसीलमध्ये खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या कागदाची, नकल काढायला जातेस ना? मूळ रेकॉर्ड कुलपात, तुला मिळते ती नकल. पेशीत तसंच, डीएनए कुलपात, आणि जेवढ्या मजकुराचं काम आहे तेवढ्याची नकल निघते ती आरएनए. ती नकल बाहेर जाते, कारखान्यात वाचली जाते, त्याप्रमाणे प्रोटीन बनतं, काम झालं की नकल फाडून टाकतात. आता कॅन्सर म्हंटलं की सगळे मूळ रेकॉर्डातल्या चुका शोधतात, म्युटेशन. ते आहेच. पण त्या नकलेवर कोणीतरी शेरे मारतं.

तिने 'शेरे' म्हंटलं नव्हतं खरं म्हणजे, ती 'मार्क' म्हणाली. शेरा माझा शब्द. पण ती जसजशी सांगत गेली तसतसा तोच शब्द बसत गेला आणि मग तीही शेराच म्हणायला लागली.

आरएनएची चार अक्षरं, ए, यू, जी, सी. त्यातल्या काही ठराविक 'ए'वर पेशी एक बारकासा तुकडा चिकटवते, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. त्याला एम-सिक्स-ए म्हणतात. अक्षर बदलत नाही, 'ए' चा 'ए' च राहतो, मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही, नुसती कडेला खूण. एका मेसेजवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या एका नकलेवर, अशा सरासरी तीन ते पाच. आरएनएवर होणारे असे बदल आता दीडशेच्या वर माहीत आहेत, पण मेसेजच्या आत सगळ्यात जास्त सापडतो तो हाच.

आणि तो पहिल्यांदा सापडला कुठे, तर लिव्हरच्याच कॅन्सरमध्ये. १९७४ साली अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत डेरोझिए, फ्रिडेरिची आणि रॉटमन या तिघांनी उंदराच्या लिव्हर कॅन्सरच्या पेशींमधल्या मेसेजेसमध्ये या खुणा बघितल्या. लिव्हर कॅन्सर हा काही त्यांचा विषय नव्हता, त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला सोयीच्या म्हणून घेतल्या होत्या. मग ही गोष्ट ३५-४० वर्षं जवळजवळ नस्तीबद्ध. खुणा आहेत हे कळलं पण कुठल्या मेसेजवर कुठे हे बघायला साधन नव्हतं, आणि एकदा चिकटली की चिकटली, असं धरून चाललं होतं, त्यामुळे कोणी फारसं वळून बघितलं नाही. २०११ मध्ये शिकागोच्या चुआन हे यांच्या गटाने (आडनावच 'हे' आहे, मराठीत वाक्य लिहिताना पंचाईत होते) दाखवलं की एफटीओ नावाचं प्रोटीन ही खूण पुसू शकतं. पुसता येते म्हंटल्यावर चित्रच बदललं, कारण जे पुसता येतं ते मुद्दाम लिहिलेलं असणार. पुढच्याच वर्षी दोन गटांनी वेगवेगळे नकाशे काढले, एकाला माणसाच्या ७,००० हून जास्त जीन्सच्या मेसेजेसवर या खुणा सापडल्या.

म्हणजे लिहिणारे आहेत, पुसणारे आहेत. लिहिणाऱ्यांची मुख्य जोडी मेटल-थ्री आणि मेटल-फोर्टीन, थ्री प्रत्यक्ष खूण चिकटवतो आणि फोर्टीन मेसेज धरून ठेवतो, थोडक्यात एक बाबू आणि एक फाईल पकडणारा चपराशी. पुसणारे एफटीओ आणि आल्कबीएच-फाईव्ह. आणि तिसरे वाचणारे. भाची वाचणाऱ्यांवर आली आणि मी चकली खाली ठेवली.

कारण त्या खुणेला स्वतःचा असा अर्थच नाही. वायटीएचडीएफ-टू नावाचा वाचणारा ती खूण बघतो आणि मेसेज फाडायला पाठवतो, हे २०१४ मध्ये कळलं. त्याचाच भाऊ वायटीएचडीएफ-वन तीच खूण बघतो आणि म्हणतो याचं प्रोटीन जास्त बनवा. आयजीएफटूबीपी नावाचे तिघे आहेत, ते ती बघून मेसेज सांभाळून ठेवतात, फाटू देत नाहीत, हे २०१८ चं. शेरा तोच, शाई तीच. मी तिला म्हंटलं, थांब, हे मला माहितेय. तिला वाटलं मी यूट्यूबवर बघितलंय.

मग मी काकूचा प्रश्न विचारला. पाय फुटतात म्हणजे काय.

लिव्हरच्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात, मध्ये प्रोटीनचा डिंक असतो, त्यातला एक महत्त्वाचा ई-कॅडहेरिन. चाळीतल्या खोल्यांसारख्या, भिंतीला भिंत. गाठ झाली तरी जोवर त्या एकमेकींना धरून आहेत तोवर ती एका जागी वाढते, वाईट आहे, पण जागेवर आहे. पसरायचं तर पेशीला हात सोडावा लागतो, लांबट व्हावं लागतं, सरपटत शिरेच्या भिंतीपर्यंत जाऊन आत घुसावं लागतं. हे वागणं नवीन नाही, गर्भात अवयव तयार होताना पेशी अशाच जागा बदलतात, कॅन्सर तो जुना धडा परत उघडतो. तो धडा उघडणारी काही प्रोटीन्स आहेत, त्यातलं एक डिंकाचं उत्पादनच बंद करतं, आणि त्याचं नाव स्नेल.

"स्नेल म्हणजे गोगलगाय?" काकू दारात उभी होती, कधी आली कळलंच नाही. भाची म्हणाली हो, फळमाश्यांवरच्या जुन्या संशोधनातून आलेलं नाव आहे. काकू म्हणाली, "मग बरोबर आहे. गोगलगाय अन् पोटात पाय."

यावर भाची जी हसली, तिला ठसका लागला. पण खरं सांगायचं तर इतकं नेमकं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. २०१९ मधला चीनमधल्या एका गटाचा अभ्यास आहे, त्यांनी बघितलं की कॅन्सरच्या पेशी हात सोडायला लागतात तेव्हा त्यांच्या मेसेजेसवर या खुणा वाढतात, स्नेलच्या मेसेजवर तर मजकुराच्या मधोमध खूण असते, आणि वायटीएचडीएफ-वन ती वाचून स्नेल जास्त बनवून घेतो. मेटल-थ्री काढून टाकला की पेशींचं सरपटणं आणि घुसणं कमी झालं. आणि लिव्हर कॅन्सरच्या ज्या पेशंटमध्ये मेटल-थ्री आणि वायटीएचडीएफ-वन जास्त होते त्यांचं पुढे कमी चांगलं झालं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, हाँगकाँगच्या गटाने दुसरी बाजू दाखवली होती. एसओसीएस-टू नावाचं एक प्रोटीन आहे, ते पेशीच्या वाढीला ब्रेक लावतं. लिव्हर कॅन्सरमध्ये मेटल-थ्री वाढतो, ब्रेकच्या मेसेजवर खुणा वाढतात, आणि तिथे वाचायला बसलेला असतो वायटीएचडीएफ-टू, फाडणारा. ब्रेकची नकल कचऱ्यात. उंदरांमध्ये मेटल-थ्री बंद केला तर गाठ कमी वाढली आणि फुफ्फुसात जाणंही कमी झालं.

म्हणजे बघा, एकच शेरा, गोगलगायीच्या फाईलवर पडला तर 'तत्काल' आणि ब्रेकच्या फाईलवर पडला तर 'नस्तीबद्ध', आणि दोन्हीकडे फायदा कॅन्सरचा. मला त्या क्षणी इतका राग आला की काय सांगू. कोणाचा ते कळेना. मेटल-थ्रीचा कसा राग करणार, तो तर धडधाकट लिव्हरमध्ये पण रोज हेच काम करतो.

मी म्हंटलं, म्हणजे हा शेरा वाढला की वाईट, एवढं लक्षात ठेवू? भाचीने मान हलवली. २०१७ मध्ये शांघायच्या एका गटाने याच्या बरोबर उलटं छापलंय. त्यांच्याकडे लिव्हर कॅन्सरमध्ये, आणि त्यातही पसरलेल्या कॅन्सरमध्ये, मेटल-फोर्टीन कमी झालेला दिसला, खुणाही कमी, आणि त्यामुळे मायक्रो-आरएनए-१२६ नावाचा एक छोटा आरएनए, जो पसरणं रोखायला मदत करतो, तो नीट तयारच होत नव्हता. आता थ्री आणि फोर्टीन जोडीने काम करतात, एक वाढलेला वाईट आणि दुसरा कमी झालेला वाईट, हे कसं? वायटीएचडीएफ-टू बद्दल पण तसंच, काही अभ्यासांत तो कॅन्सरला मदत करतो आणि काहींत अडवतो. पेशंट वेगळे, लिव्हर खराब व्हायची कारणं वेगळी, गाठीत बाजूला कोण पेशी आहेत ते वेगळं, आणि वाचणाऱ्यांची भरती प्रत्येक गाठीत वेगळी. भाचीचं म्हणणं की बेरीज-वजाबाकी करून शेरे किती एवढं मोजण्यात अर्थ नाही, कुठल्या मेसेजवर, कुठल्या जागी, आणि समोर कोण. तिच्या गाईडबरोबर यावरूनच तिचं वाजलंय असं दिसलं, पण मी खोलात गेले नाही.

जागेवरून आठवलं. काकांचं लिव्हर खराब कशाने झालं, तर हेपेटायटिस बीने. दारूचा थेंब नाही घेतला कधी, आणि तरी मोहल्ल्यात दोघांनी तरी 'घेत असतील गुपचूप' असा शेरा मारलाच. तर या बी व्हायरसचा जो मुख्य आरएनए असतो त्याला पण आपलीच पेशी त्या खुणा चिकटवते. २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या गटाने दाखवलं की त्या आरएनएच्या दोन्ही टोकांना एकसारखीच एक गुंडाळी आहे, दोन्हीकडे तीच खूण. शेपटाकडच्या खुणेमुळे आरएनए लवकर फाटतो, म्हणजे आपल्या फायद्याचं, आणि डोक्याकडच्या खुणेमुळे त्यापासून व्हायरसची नवी प्रत बनायला मदत होते, म्हणजे त्याच्या फायद्याचं. एकाच कागदावर वर आणि खाली तोच शेरा आणि अर्थ उलट. काका हे ऐकायला हवे होते, खुर्चीत पुढे सरकून म्हणाले असते, बोल, पुढे बोल.

एक ध चा मा पण आहे यात. वर सगळं सांगितलं त्यात अक्षर बदलत नाही, पण एडार-वन नावाचं एन्झाइम खरंच अक्षर बदलतं, आरएनएतल्या 'ए' ला असं करून ठेवतं की पुढे तो 'जी' म्हणून वाचला जातो. २०१३ मध्ये लिव्हर कॅन्सरच्या गाठींत असं सापडलं की एझेडआयएन-वन नावाच्या जीनच्या नकलेत हे एक अक्षर बदललं जातं, प्रोटीनच्या माळेत सेरीन नावाच्या मण्याच्या जागी ग्लायसीन नावाचा मणी येतो, आणि प्रोटीन जास्त जोमाने पेशी वाढवायला लागतं. कुलपातल्या मूळ कागदावर मात्र धरावे असंच लिहिलेलं. डीएनए तपासला तर सगळं नीट. असो, हा वेगळाच मोठा विषय आहे, भाची त्यावर बोलायला लागली की थांबत नाही.

काकूने मग जे विचारलं ते कुठल्याही पेशंटच्या घरचं माणूस विचारेल. औषध? लिहिणाऱ्यालाच पकडायचं, मेटल-थ्रीला, असं औषध करून बघतायत. २०२१ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी अशा एका औषधाने उंदरांमधला रक्ताचा कॅन्सर आटोक्यात येतो असं दाखवलं, आणि त्याच जातीची एक गोळी २०२२ च्या शेवटापासून माणसांवर पहिल्या टप्प्याच्या चाचणीत गेली. काकू म्हणाली, "म्हणजे ऑफिसातले सगळेच शेरे बंद? मग बाकीच्या फाईलींचं काय?" भाची गप्प. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली, मावशी, तुझ्या काकूला आमच्या लॅबच्या मीटिंगला न्यायला पाहिजे.

त्या रात्री मी काकांची मेडिकल फाईल काढली. जाडी पाहूनच थकायला होतं. सगळ्यात खाली, २०११ चा मोतीबिंदूचा कागद. आणि त्यावर लाल गोल स्टिकर.

तो स्टिकर मी तेव्हाच बघितला होता. मीच गेले होते काकांबरोबर, दादाला, म्हणजे काकांच्या मुलाला, सुट्टी नव्हती. ऑपरेशनआधी रक्त तपासतात ना, त्यात हेपेटायटिस बी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आला होता. त्या ठिकाणी काय झालं, तर फाईलवर लाल स्टिकर लागला आणि काकांचा नंबर त्या दिवशी सगळ्यात शेवटी टाकला, कारण अशा पेशंटचं शेवटी करायचं म्हणजे अवजारं आणि खोली नंतर नीट साफ करता येते. त्यांच्या दृष्टीने स्टिकरचा अर्थ तेवढाच. सकाळी आठ वाजता उपाशी बसलेले काका दुपारी तीनला आत गेले आणि आम्ही चिडलो ते उशीर झाला म्हणून. रिपोर्टच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलं होतं, फिजिशियनचा सल्ला घ्या. आम्ही तो वाचला नाही. मी वाचला नाही असं लिहिते, मी टॅक्सच्या नोटिशीचं सगळ्यात बारीक कलम वाचून पोट भरते. डोळा छान झाला, काका पेपर बिनचष्म्याचा वाचायला लागले, पेढे वाटले, नस्तीबद्ध.

दहा वर्षं. दहा वर्षांत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती तर गाठ लहान असताना दिसली असती कदाचित, हात सोडायच्या आधी. व्हायरस दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तेव्हाही मिळत होत्या, रोज एक. जगात २०२२ या एका वर्षात साधारण साडेआठ लाख लोकांना लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि साडेसात लाख गेले, हे दोन आकडे इतके जवळजवळ का असतात ते मला त्या स्टिकरकडे बघून कळलं. बहुतेकांचा उशिरा सापडतो. आणि योगायोग असा की ज्या २०११ च्या सुमारास हा स्टिकर लागला त्याच सुमारास बाळांना हेपेटायटिस बीची लस देशभर सरकारी यादीत आली. तान्ह्या बाळाला हा व्हायरस लागला तर दहातल्या नऊ जणांत तो मुक्कामालाच राहतो, मोठेपणी लागला तर बहुतेक जण त्याला हाकलून देतात. काकांना बहुतेक जन्मतःच मिळाला असणार, कारण ग्वाल्हेरच्या आत्यालाही निघाला. तिला सत्तराव्या वर्षी कळलं, आता गोळी चालू आहे आणि फोनवर आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

तपासणी आम्ही सगळ्यांनी करून घेतली, काका असतानाच. माझी निगेटिव्ह, लगेच तीन डोस लस. काकूला कधीतरी होऊन गेलेला, शरीराने परस्पर निकाल लावलेला, तिला पत्ताही नाही. दादाची पॉझिटिव्ह. लहानपणी बाप-लेकांचा एकच रेझरचा डबा होता, तसं असेल किंवा अजून कशाने, ताटात जेवून होत नाही एवढं नक्की, हे मला सोसायटीत चार घरी जाऊन सांगावं लागलं. दादा ४७ चा आहे, लिव्हर अजून मऊ आहे, गोळी सध्या नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी.

परवा त्याचा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. दादाने फाईल टेबलावर टाकली आणि म्हणाला, चला, झालं. काकू काही न बोलता उठली, काकांच्या ड्रॉवरमधून लाल पेन काढलं, ते वाळलेलं, तळहातावर दोनदा रेघोट्या ओढून बघितल्या, मग बाजूच्या डब्यातलं लाल रिफिलचं घेतलं. फाईलच्या कव्हरवर, स्टिकर लावतात त्या कोपऱ्यात, पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहिली. त्याच्याखाली, एकेक अक्षर दाबून, 'नस्तीबद्ध करू नये'.

"आई, लॅबवाले हसतील," दादा म्हणाला.

"हसतील म्हणजे वाचतील तरी," काकू म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली.